पंप वाढवलेल्या ट्रॅक्टरची मंद चाल कशी सुधारावी?

ऊस वाहतुकीचा हंगाम संपून ट्रॅक्टर घरी आला, की पुष्कळ ठिकाणी एकच तक्रार ऐकू येते. "ओढायला वाघ आहे, पण स्लोवर उभा राहत नाही." भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढणारे इंजिन लिव्हर खाली घेतल्याबरोबर आचके देऊ लागते, बॉनेटपासून मडगार्डपर्यंत सगळे थरथरते आणि कधी कधी बंदच पडते. मिस्त्री येतो, पंपावरचा स्लोचा स्क्रू अर्धा फेरा फिरवतो, इंजिन जरा जोरात चालू लागते आणि तक्रार मिटली असे वाटते. महिन्याभराने पुन्हा तेच दुखणे आणि पुन्हा अर्धा फेरा.

शेतकरी बंधूंनो, इंजिन मंद चालीवर बिघडते तेव्हा बिघाड बहुधा त्या स्क्रूमध्ये नसतो. स्क्रू फिरवल्याने दोष जात नाही, तो फक्त झाकला जातो. सर्व तपासणी व दुरुस्ती झाल्यावर अगदी शेवटी हात लावण्याची ती जागा आहे. त्याआधी काय काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि पंपाच्या दुकानातून कोणते माप लिहून घ्यावे, याची माहिती या लेखात दिली आहे. ही माहिती साध्या यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले असून त्यातील बहुतेक इंजिनांत डिझेलचे नियंत्रण संगणक करतो. अशा इंजिनांना पुढील कोणताही प्रयोग करू नये.

पंप वाढवला म्हणजे नेमके काय केले?

खोल नांगरट, रोटाव्हेटर आणि विशेषतः ऊस वाहतूक यासाठी जादा ताकद मिळावी म्हणून पंप वाढवून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. परंतु 'पंप वाढवला' या दोन शब्दांत चार निरनिराळी कामे येतात, आणि आपल्या ट्रॅक्टरवर यातले कोणते झाले हे मालकाला बहुधा ठाऊक नसते. पूर्ण भाराच्या वेळी जास्तीत जास्त किती डिझेल जावे हे ठरवणारा सीलबंद स्क्रू वाढवणे, हे पहिले. मोठ्या छिद्राचे किंवा दुसऱ्या मॉडेलचे नोझल बसवणे, क्वचित पंपातील एलिमेंटच जाड घालणे, हे दुसरे. गव्हर्नरची स्प्रिंग बदलणे व कमाल वेगाचा स्क्रू सोडणे हे तिसरे. पंप त्याच्या बैठकीवर थोडा फिरवून टायमिंग पुढे घेणे हे चौथे.

यापैकी पहिल्या कामाने मंद चालीचे फारसे बिघडत नाही. मात्र काही बनावटीच्या रोटरी पंपांत हा स्क्रू आत गेला की मंद चालही आपोआप वाढते, हे लक्षात ठेवावे. खरा त्रास दुसऱ्या व तिसऱ्या कामाने होतो. मोठ्या छिद्राच्या नोझलमधून भरपूर डिझेल चांगले फवारले जाते, पण अगदी थोडे डिझेल फवारण्याऐवजी ठिबकते. स्प्रिंग मूळ मापाची नसली, की गव्हर्नरचा कमी फेऱ्यांवरील ताबा जातो. टायमिंग जादा पुढे असल्यास मंद चालीवर हातोडीने ठोकल्यासारखा कडक आवाज येतो.

जादा डिझेल घातले तरी टर्बो नसलेल्या इंजिनात हवा पूर्वीइतकीच जाते, हेही विसरू नये. त्या हवेत न जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते आणि पिस्टनचा माथा, व्हॉल्व्ह व हेड गॅस्केट यांना जादा उष्णता सोसावी लागते. आमचे मत विचाराल तर पंप पुस्तकातील मापावर परत आणणे हाच उत्तम उपाय होय. मात्र वाहतुकीचा करार झालेला, कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला, अशा शेतकऱ्याला "ताकद कमी करून घ्या" हे सांगणे सोपे आणि त्याने ते ऐकणे अवघड, याचीही आम्हाला जाणीव आहे. म्हणून पंप मापावर आणावयाचा असो वा नसो, पुढील तपासणी दोघांनीही करावी.

थेंबापेक्षाही लहान माप

पूर्ण भारावर ठीक चालणारे इंजिन मंद चालीवरच का बिघडते, हे एका हिशेबावरून कळेल. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांनी चालत आहे असे समजा. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दर दोन फेऱ्यांस एकदा डिझेल मिळते. म्हणजे एका सिलिंडरला मिनिटाला ३५० वेळा, चारही मिळून १४०० वेळा आणि तासाला ८४ हजार वेळा. मंद चालीवर तासाला १ लिटर डिझेल लागते असे धरले, तर एका वेळी सिलिंडरमध्ये जाणारे डिझेल होते सुमारे १२ घन मिलिमीटर. हे एका थेंबापेक्षाही कमी आहे.

आता एका सिलिंडरला इतरांपेक्षा ३ घन मिलिमीटर कमी मिळते असे समजा. पूर्ण भारावर प्रत्येकी ६० जात असतील, तर हा फरक शेकडा ५ होतो आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. मंद चालीवर १२ मधले ३ कमी म्हणजे शेकडा २५! तो सिलिंडर लंगडू लागतो. हवेचा एखादा बुडबुडा, किंचित ठिबकणारे नोझल, थोडा उघडा राहणारा व्हॉल्व्ह, असे सर्व लहानसहान दोष मंद चालीवर उघडे पडतात आणि रेस वाढवली की लपतात. स्लोचा स्क्रू वाढवल्यावर तक्रार मिटल्यासारखी वाटते, ती यामुळेच.

वाढवलेल्या मंद चालीचा धोका

हा विषय डिझेलपुरता नाही, यासाठी हा परिच्छेद काळजीपूर्वक वाचावा. ट्रॉली जोडताना चालक क्लच अर्धवट सोडत ट्रॅक्टर इंच इंच मागे घेतो आणि दुसरा माणूस ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मधे उभा राहून, वाकून पिन घालतो. मंद चाल ७०० ऐवजी ११०० वर बांधलेली असेल तर क्लच धरताक्षणी ट्रॅक्टर सरकत नाही, उसळी घेतो. मधल्या माणसाला बाजूला होण्यास वेळ मिळत नाही. आणि तो माणूस बहुधा आपल्याच घरातला असतो. मंद चाल कितीही चांगली असली तरी ट्रॅक्टर मागे येत असताना मधे कोणीही उभे राहू नये. ट्रॅक्टर पूर्ण थांबवून, गिअर काढून, ब्रेक लावल्यावरच पिन घालावी. पण ज्याची मंद चाल वाढवून ठेवली आहे, त्या ट्रॅक्टरवर तर ही चूक एकदाही करू नये.

याउलट मंद चाल फारच कमी ठेवली तर तेलाचा दाब उतरतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि हादऱ्याने नटबोल्ट ढिले होतात. योग्य फेऱ्या किती, ते त्या त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेले असते. आपल्याकडील बऱ्याच जुन्या मॉडेलांत ते ६०० ते ८०० च्या दरम्यान आढळते.

आधी ऐकावे

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर सावलीत उभे करून पाच मिनिटे नुसते ऐकावे. आवाज ठराविक तालाने वर-खाली, वर-खाली होत असेल तर त्याला मिस्त्री हंटिंग म्हणतात. यात संशय प्रथम डिझेल लाइनमधील हवेवर व नंतर गव्हर्नरवर घ्यावा. ताल नसून मधेच एखादा ठोका चुकत असेल तर ते मिसिंग होय. त्यात दोष एखाद्या सिलिंडरचा असतो. धूरही पाहावा. गरम इंजिनातून पांढरा धूर येत राहिला तर कुठेतरी डिझेल न जळता जात आहे, निळसर असेल तर तेल जळत आहे, आणि काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी आहे.

येथे थर्मोस्टॅटविषयी एक शब्द. इंजिन तापते म्हणून तो काढून फेकणे ही आपल्याकडे जवळजवळ परंपराच झाली आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन, विशेषतः हिवाळ्याच्या पहाटे, नीट गरमच होत नाही, आणि थंड इंजिनाची मंद चाल कोणालाही बसवता येत नाही. इंजिन तापत असेल तर रेडिएटरची जाळी पाचटाच्या कुसळाने भरली आहे का, पट्टा ढिला आहे का, ते पाहावे. थर्मोस्टॅट पुन्हा बसवून घ्यावा.

हवा: आत जाणारी आणि जाऊ नये ती

एअर क्लीनर तेलाचा असल्यास वाटीतील गाळ काढून खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. खुणेच्या वर भरले तर तेल आत ओढले जाते. कोरडा फिल्टर असल्यास पुस्तकात सांगितल्याप्रमाणे साफ करावा किंवा बदलावा. एवढ्याने काळा धूर कमी झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

डिझेल लाइनमधील हवा हा मंद चालीचा सर्वात मोठा शत्रू आहे. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते. त्यामुळे तेथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळे कोरडे दिसते आणि मालक म्हणतो, "गळती कुठेच नाही." फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडून इंजिन मंद चालीवर ठेवावे. बुडबुडे दिसले तर मागच्या बाजूचे रबरी होज, बँजो बोल्टाखालील तांब्याचे वॉशर आणि फिल्टर बाउलचे वायसर एकेक बदलत जावे. तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा वापरू नयेत. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र मातीने बुजले असल्यास तेही साफ करावे.

एक अनुभव सांगण्यासारखा आहे. आमच्याकडे तपासणीसाठी आलेल्या एका ट्रॅक्टरचा पंप एका हंगामात दोनदा उघडला गेला होता, नोझल नवे होते आणि स्लोचा स्क्रू जवळजवळ शेवटापर्यंत गेला होता. दोष निघाला तो टाकीखालच्या वीतभर रबरी नळीत. क्लिपच्या आत ती चिरली होती. नळीचा खर्च पंपाच्या मजुरीपुढे काहीच नव्हता.

हवा काढताना टाकीकडून सुरुवात करून पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, पंपाचा स्क्रू आणि शेवटी नोझलचे नट असा क्रम ठेवावा.

टॅपेट आणि नोझल

टॅपेटचे अंतर गरम इंजिनावर पाहावयाचे की थंड, व किती ठेवावयाचे, हे पुस्तकात पाहावे. ते अंदाजाने ठेवू नये, फिलर गेज वापरावा. पाते किंचित ओढ घेत सरकले पाहिजे. चार सिलिंडरच्या १-३-४-२ क्रमाच्या इंजिनात सोपी खूण अशी, की चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलत असतील तेव्हा पहिल्याचे अंतर पाहावे, पहिल्याचे डुलत असतील तेव्हा चौथ्याचे. तशीच जोडी दुसऱ्या व तिसऱ्याची. टॅपेट सैल असल्यास आवाज येतो म्हणून मिस्त्री ते आवळून ठेवतात. परंतु घट्ट टॅपेट जास्त वाईट, कारण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि व्हॉल्व्हची कड जळते. हेड नुकतेच उघडले असेल तर पुस्तकाप्रमाणे हेडचे नट पुन्हा आवळून टॅपेट पुन्हा पाहावेत.

यानंतर दोषी सिलिंडर शोधावा. हे काम जाणकार मिस्त्रीकडूनच, हातमोजे व चष्मा घालून करवून घ्यावे. इंजिन मंद चालीवर असताना एका नोझलच्या पाइपचा नट पंपाकडील बाजूने थोडा सैल करतात. इंजिनाचा आवाज बदलून फेऱ्या पडल्या तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर लंगडा तोच. नट आवळून दुसऱ्याकडे जावे. असे सर्व पाहून झाल्यावर इंजिन बंद करून लंगड्या सिलिंडरचे नोझल शेजारच्याशी अदलाबदल करावे, खाली नवे वॉशर घालावे आणि तपासणी पुन्हा करावी. दोष नोझलबरोबर शेजारी गेला तर नोझल खराब आहे. दोष जागेवरच राहिला तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन किंवा पंपाची ती बाजू खराब आहे. या एका अदलाबदलीने अनेक निष्कारण खर्च वाचतात.

नोझलची फवार हातावर घेऊन कधीही पाहू नये. जुन्या नोझलचाही उघडण्याचा दाब बनावटीप्रमाणे सुमारे १७५ ते २५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. ती फवार कातडीतून आरपार आत जाते. वरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आतील मांस सडून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास हळद लावून घरी न थांबता तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे असे स्पष्ट सांगावे.

ऑइल फिलरचे झाकण काढल्यावर भकाभक धूर येत असेल, ब्रीदर जोरात फुंकत असेल आणि सकाळी इंजिन उशिरा सुरू होत असेल तर रिंगा व लायनर झिजले आहेत. अशा इंजिनाची मंद चाल पंप किंवा नोझल बदलून सुधारत नाही. त्यावर पैसे घालण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.

पंपाच्या दुकानात काय मागावे?

वरील सर्व ठीक असूनही दोष राहिला, तरच पंप उतरवावा. उतरवताना बैठकीवरील टायमिंगची खूण कुठे आहे ते लिहून ठेवावे. खूण पुढे सरकवलेली आढळल्यास बसवताना ती जुळवून घ्यावी.

टेस्ट बेंचवर पंप लावला की बहुतेक ठिकाणी पूर्ण भाराचेच माप घेतले जाते, कारण गिऱ्हाईक ताकदीबद्दल बोलत असते. आपण मंद चालीचेही माप घ्यावयास सांगावे. प्रत्येक सिलिंडरच्या नळीत किती डिझेल पडले ते दोन्ही वेगांसाठी कागदावर लिहून मागावे आणि पुस्तकातील फरकाच्या मर्यादेशी ताडून पाहावे. पूर्ण भाराला सारखे भरणारे पंप मंद चालीला विषम भरतात, हे बेंचवर आपल्या डोळ्यांनी दिसते. गव्हर्नरची स्प्रिंग मूळ भाग क्रमांकाचीच आहे ना, हेही विचारावे. नोझल पंपाबरोबरच न्यावेत व ते ठिबकत नाहीत याची खात्री करून घ्यावी. काम झाल्यावर पूर्ण भाराच्या व कमाल वेगाच्या स्क्रूला सील लावून घ्यावे. हमीच्या मुदतीतील ट्रॅक्टरचे सील बाहेर तोडू नये.

डिपस्टिकवर तेल वाढले तर

तेल कमी झाले की सर्वजण घाबरतात, पण तेल घातले नसताना पातळी वाढली तर "इंजिन तेल खात नाही" म्हणून कित्येक जण खूश होतात. ठिबकणाऱ्या नोझलमधील डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळले की असे होते. डिपस्टिकचा वास घ्यावा. डिझेलचा वास येऊन तेल पाण्यासारखे पातळ लागल्यास इंजिन चालवू नये. ते बेअरिंग व क्रँक यांना घातक आहे. दोष दूर करून तेल व फिल्टर दोन्ही बदलावेत.

कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत तासन्‌तास इंजिन मंद चालीवर ठेवल्यानेही हा प्रकार वाढतो. आठ तास उभे राहिल्यास, तासाला १ लिटर धरले तरी ८ लिटर डिझेल जाते, ते वेगळेच. चालकाला विचारले तर उत्तर मिळते, "बंद केला तर सेल्फ उचलत नाही." म्हणजे कमजोर बॅटरीचा खर्च आपण डिझेलमधून रोज फेडत असतो.

आता स्क्रू

इंजिन गरम असावे, पीटीओ बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला. हाताची लिव्हर पूर्ण खाली असताना पंपाचा हात खरोखर स्लोच्या स्क्रूला टेकतो का, ते प्रथम पाहावे. पुष्कळदा रॉड वाकलेला असतो किंवा केबल अडकलेली असते. फेऱ्या मोजण्यास मीटर बंद असल्यास हातात धरावयाचे टॅकोमीटर आणावे. इंजिन बंद असताना क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवली की ते लांबून मोजते. कानाने ठरवू नये. मिस्त्रीचा कान कितीही तयार असला तरी शंभर फेऱ्यांची चूक सहज होते.

चेकनट सैल करून स्क्रू पाव पाव फेरा फिरवावा, दर वेळी अर्धा मिनिट थांबावे आणि पुस्तकातील आकड्यावर आल्यावर चेकनट आवळावा. आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून पुन्हा मोजावे. मग लिव्हर पूर्ण वर नेऊन एकदम खाली सोडावी. इंजिन न गचकता मंद चालीवर येऊन स्थिर झाले पाहिजे. दोन्ही दिवे लावून हायड्रॉलिक एकदा उचलून पाहावे. फेऱ्या क्षणभर पडून सावरल्या तर ठीक. शेवटी मोकळ्या सपाट जागेत, ट्रॉली न जोडता, लो पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडावा. ट्रॅक्टर धक्का न देता माणसाच्या चालीपेक्षा सावकाश निघाला पाहिजे. त्या दिवशीच्या फेऱ्या, टॅपेटचे अंतर आणि बेंचवरील मापाचा कागद ट्रॅक्टरच्या पुस्तकात ठेवावा. पुढच्या हंगामात मंद चाल पुन्हा बिघडली, तर तपासणी त्या कागदापासून सुरू करता येईल.